कोकणातल्या दमट हवेत बंदुकीला तेल कुठलं, किती आणि कधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की मला फोन सुरू होतात, दादा बंदुकीला तांबूस डाग पडलेत, कुठलं तेल लावू. आमच्या देवगडच्या बाजूला कलमांच्या बागा आहेत त्यातल्या बऱ्याच घरांत आजोबांच्या वेळची एकनळी नाहीतर दुनळी बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्यांच्या काडतुसांची बंदूक आहे, वानर आणि रानडुकरांपासून बाग राखायला परवान्यावर घेतलेली, कुणाकडे ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची आहे, आणि हल्ली पोरांकडे एअर रायफल. प्रश्न सगळ्यांचे तेच तेच, म्हणून एकदाच बैजवार लिहून काढलं. हे सगळं परवाना असलेल्या हत्याराच्या घरच्या देखभालीपुरतं आहे. आतलं कुलूप, म्हणजे चाप ओढल्यावर घोडा आपटवणारी यंत्रणा, खोलणं, स्प्रिंग बदलणं ही कामं परवानाधारक दुरुस्तीवाल्याची, ती इथे नाहीत.

तेलाची बाटली उघडायच्या आधी काय करायचं?

बंदूक रिकामी आहे का ते बघायचं. उघडायची, डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. घरात पोरंबाळं असतील तर त्यांना बाहेर पाठवायचं. ठासणीची असेल तर डोळ्यांनी कळत नाही, तिथे गज, म्हणजे ठासायची सळी, नळीत शेवटपर्यंत सोडायचा, तोंडाशी नखाने खूण धरायची आणि गज बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून बघायचा. टोक निप्पलच्या, म्हणजे मागे टोपी बसवायच्या नळकांडीच्या, जागेपर्यंत पोचलं तर रिकामी, चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार भरलेला आहे असं समजायचं आणि हात न लावता दुरुस्तीवाल्याकडे न्यायची. जुन्या घरांत माळ्यावरून काढलेल्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या निघतात, म्हणून हे पहिलं.

माझ्या मामाची बंदूक घाटावर आहे, तिला वर्षभर कोण बघत नाही तरी काही होत नाही. आमचीच का गंजते?

मीठ. पावसाळ्यात जाड्या मिठाची बरणी उघडी राहिली की खाली पाणी सुटतं ना, तेच बंदुकीवर होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं, आणि आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५-९० च्या घरात असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात खारे कण असतातच, ते नळीवर बसतात, त्यात हाताच्या घामातलं मीठ. लोखंडावर असा खारट पाण्याचा पापुद्रा तयार झाला की गंज चढायला रात्र पुरते. घाटावर मीठ नाही आणि हवाही वर्षातले सातआठ महिने कोरडी, म्हणून मामाची बंदूक सुखात आहे.

यातून एक गोष्ट निघते ती नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे: मीठ न पुसता वरून तेल लावलं तर मीठ तेलाखाली राहतं आणि गंज तेलाखालीच चढतो. लोक म्हणतात तेल लावून ठेवली होती तरी गंजली. तेल लावलं होतं, पुसली नव्हती. आमचे आजोबा मालवणीत सांगायचे, "तेल थोडा, पुसणा जास्ती." मी त्यांच्याकडून बाकी बरंच विसरलो पण हे नाही विसरलो.

मग तेलाचं काम नक्की काय?

दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकच समजतात. एक म्हणजे जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे झीज थांबवणं, म्हणजे बिजागरीची पिन, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर उचलणारा भाग), घोड्याचा सांधा. दुसरं म्हणजे जिथे काहीच घासत नाही त्या उघड्या लोखंडावर हवा-पाणी लागू न देणं, म्हणजे नळी आतून-बाहेरून. शेतीसंरक्षणाची बंदूक वर्षाला पाच-पंचवीस बार करते, तिची झीज होऊन होऊन किती होणार? तिचं मरण गंजात आहे. म्हणून विदेशी व्हिडिओत "हे ऑइल हजारो राउंड टिकतं" असं ऐकून जे महागडं तेल मागवतात त्यांनी आधी विचार करावा की आपल्याला हजारो राउंड मारायचेत की चार महिने पावसाळा काढायचाय.

एकच तेल सांगा, उगाच दहा नावं नकोत.

मिळालं तर सीएलपी प्रकारचं गन ऑइल. ह्या तीन अक्षरांचा अर्थ साफ करणं, वंगण देणं आणि गंजापासून राखणं असा आहे, म्हणजे तिन्ही कामं बऱ्यापैकी करणारं एकच तेल. एक छोटी बाटली दोन-तीन वर्षं पुरते कारण लागतंच थेंबाने.

दुसरं चांगलं तेल म्हणजे बॅलिस्टॉल, हे जर्मनीत १९०० नंतरच्या पहिल्या दशकात तिथल्या सैन्यासाठी निघालं, पाण्यात घातलं की दुधासारखं पांढरं होतं आणि किंचित अल्कलीचं असल्यामुळे बोटांच्या घामातलं आम्ल मारतं. लाकडाला आणि चामड्यालाही चालतं. ठासणीवाल्यांसाठी माझ्या मते हेच बरं.

दोन्ही मिळालं नाही तर शिलाई मशीनचं तेल. हसू नका, चांगलं स्वच्छ खनिज तेल आहे, चिकटा होत नाही, तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. फक्त ते पातळ आहे, उडून आणि ओघळून जातं, म्हणून गन ऑइल महिन्याने लावत असाल तर हे आठवड्याने लावावं लागेल. जो माणूस दर रविवारी न चुकता बंदूक पुसतो त्याची मशीनच्या तेलावरची बंदूक, महागडं तेल लावून पेटीत टाकलेल्या बंदुकीपेक्षा चांगली राहते. हे मी दोन्ही घरांत बघितलंय.

डब्ल्यूडी-४० चालतं का? हार्डवेअरवाला म्हणाला सगळ्याला चालतं.

पाणी हाकलायला चालतं, तेवढंच. त्याचं नावच पाणी हटवणं आणि चाळीसावा प्रयत्न असं आहे, १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला एका छोट्या कंपनीने बनवलं आणि सुरुवातीला अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज लागू नये म्हणून वापरलं. बागेतून भिजून आलात, बंदुकीवर पाणी आहे, तर मारा, पाणी निघून जाईल. पण त्यातला पातळ भाग उडून गेला की मागे अगदी विरळ थर उरतो, तो कोकणातल्या पावसाळ्याला पुरत नाही. आणि वर्षानुवर्षं फक्त तेच मारत राहिलात तर कोपऱ्याकापऱ्यात चिकट पिवळट थर साचतो. म्हणून मारा, पुसून काढा, आणि मग खरं तेल लावा. आणि काडतुसाच्या जवळपास नको, बुडाच्या टोपीत, जिच्यावर ठोका बसून बार होतो, झिरपलं तर काडतूस फुसकं निघू शकतं.

खोबरेल तेल? आमच्याकडे घरचंच असतं, शुद्ध.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त सांगावंसंही याबद्दलच वाटतं, कारण मी स्वतः ते केलंय.

मी बारावीला असताना आजोबा आजारी होते, बंदुकीचं तेल संपलं होतं, मी घाण्यावरून आणलेलं खोबरेल चांगलं सढळ हाताने लावलं. नळीला, बिजागरीला, आणि घोड्याच्या पुढे टोपीवर आपटणारी फायरिंग पिन असते त्या भोकात पण सोडलं. पावसाळाभर काही झालं नाही, उलट चकाकत होती. जानेवारीत मोहोर धरल्यावर वानरांची टोळी आली, पहाटेची वेळ, थंडी चांगली होती, बाबांनी हवेत बार काढायला चाप ओढला आणि नुसता थबकन आवाज आला. खटका बसला पण काडतुसाच्या टोपीवर इवलासा खळगा, बार नाही. बाबांनी नळी तशीच सुरक्षित बाजूला मिनिटभर धरून ठेवली, मग उघडली. उन्हात आणून बघतो तर पिनच्या भोकात पांढरं मेण भरल्यासारखं. खोबरेल साधारण २४ अंशाखाली गोठतं, तुमच्या न्हाणीघरातली बाटली थंडीत घट्ट होते तेच बंदुकीत झालं होतं, आणि त्यात इतक्या महिन्यांची धूळ आणि काजळी मळून लगदा झाला होता. पिन पुढे जात होती पण जोर सगळा त्या लगद्यात मुरत होता.

शिवाय घाण्याच्या तेलात थोडं आम्ल असतं, खवट झाल्यावर ते वाढतं, आणि ते लोखंडाला चांगलं नाही. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल ही तर हवेत सुकून वार्निशसारखी चिकटतात, कढईच्या बुडाला बाहेरून जो पिवळा चिकटा बसतो तो तोच. तेव्हा स्वयंपाकघरातलं कुठलंच तेल कुलुपात आणि पिनेत नको. ठासणीच्या नळीत थोडी वेगळी गोष्ट आहे, ती खाली लिहिलीय.

इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, रॉकेल, डिझेल?

नवं इंजिन ऑइल चालतं, जाड आहे, पावसाळ्यासाठी बाहेरून लावायला बरंच आहे, वास सोडला तर तक्रार नाही. गाडीतून काढलेलं काळं जुनं ऑइल अजिबात नको, त्यात आम्ल आणि धातूची कीस असते, म्हणजे तेलाच्या नावाने तुम्ही घासायची पेस्ट लावताय. ब्रेक ऑइल हे तेलच नाही, ते हवेतलं पाणी ओढतं आणि दस्त्याचं पॉलिश खातं, त्याला हात लावू नका. रॉकेल-डिझेल धुवायला चालतं, जुना चिकटा सोडवायला तर रॉकेल छान, पण धुतल्यावर कोरडं पुसून लगेच तेल लावायचं. रॉकेलावर सोडून दिलेली नळी दोन दिवसांत तांबूस होते.

ग्रीस कुठे लावायचं?

बिजागरीच्या पिनेवर आणि नळी जिथे ॲक्शनमध्ये, म्हणजे मधल्या लोखंडी सांगाड्यात, बसते त्या घासणाऱ्या तोंडावर. बेअरिंगचं साधं लिथियम ग्रीस पुरतं. मुगाच्या दाण्याएवढं, जास्त नाही. बाकी कुठे ग्रीस नको, कुलुपात तर नकोच. मच्छीमार होडीच्या सामानाला लावतात ते कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला जास्त दाद देत नाही, ते मिळालं तर आणखी बरं.

बार केल्यावर बारा बोअर साफ कशी करायची, क्रमाने सांगा.

त्याच दिवशी करायची, हे पहिलं. "उद्या करू" म्हणून रात्रभर ठेवली तर आपल्या हवेत नळीत काय होतं ते सकाळी उजेडाकडे धरून बघा.

बंदूक उघडून नळी, दस्ता आणि पुढचं लाकूड वेगळं करायचं, बारा बोअरला हे हाताने होतं, पेचकस लागत नाही. नळीत मागच्या बाजूने गज घालायचा, पुढून नाही, कारण पुढचं तोंड घासलं तर छर्ऱ्यांचा फैलाव बिघडतो आणि सगळी घाण मागे चेंबरमध्ये, काडतूस बसतं त्या जागेत, येते. आधी सॉल्व्हंट (काजळी सोडवणारा द्रव) नाहीतर रॉकेल लावलेली चिंधी एकदा फिरवायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची, घाईने घासण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त काम करतात. मग पितळी किंवा ब्राँझचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार, मध्येच उलटा फिरवायचा नाही. काडतुसातल्या प्लास्टिकच्या वाटीचा थर नळीवर राखाडी पट्ट्यांसारखा बसतो, शिशाचाही बसतो, तो ब्रशनेच जातो. मग कोरड्या चिंध्या, एक काळी निघेल, दुसरी राखाडी, तिसरी-चौथी पांढरी निघेपर्यंत. एनसीसीत आम्हाला .२२ ची नळी साफ करायला फुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी) आणि चार बाय दोन इंचाची चिंधी द्यायचे आणि उस्ताद शेवटची चिंधी स्वतः हातात घेऊन बघायचे, पांढरी नसली की परत. ती सवय फार कामाची.

नळी पांढरी निघाली की मग तेल: चिंधीवर दोन-तीन थेंब, नळीतून एकदा आरपार. एक्स्ट्रॅक्टर उचलून त्याच्याखाली बघा, तिथे काजळी आणि ओल अडकते आणि तिथलाच गंज कुणाला दिसत नाही, दात घासायचा जुना ब्रश तिथे बरोबर जातो. फायरिंग पिनची भोकं कोरडी पुसायची, तेल टाकायचं नाही, चिंधीचा तेलकट हात लागला तेवढा बस्स. बाहेरून आधी किंचित ओल्या फडक्याने मीठ-घाम पुसायचा, लगेच कोरड्याने, मग तेलाच्या फडक्याने. शेवटी जोडताना लोखंडाला उघडा बोटाचा स्पर्श झाला तर तिथे परत फडकं फिरवायचं, काही दिवसांनी अख्खा ठसा तांबड्या रेघांत उमटलेला मी बघितलाय, अंगठ्याच्या चक्रासकट.

तेल बरोबर लागलंय हे कसं कळणार?

बोट फिरवल्यावर बोट चमकलं पाहिजे, ओघळ दिसता कामा नये. ओघळ म्हणजे जास्त. जास्तीचं तेल खाली उतरून दस्त्याच्या तोंडाशी लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं आणि बार झाल्यावर तिथेच चिरतं. म्हणूनच तेल लावल्यावर पहिले एक-दोन दिवस नळीचं तोंड खाली करून ठेवायची, खाली जुनं फडकं.

नळीत तेल असताना बार काढला तर?

काढू नका. पातळ थर असेल तर धूर निघेल आणि पहिला बार नेहमीसारखा जाणार नाही, पण भरपूर तेल किंवा ग्रीस साचलेलं असेल, किंवा चिंधी आत राहिली असेल, तर नळीत दाब वाढून नळी फुगू शकते, फुटू शकते. बागेत नेण्याआधी दोन कोरड्या चिंध्या फिरवायच्या आणि उजेडाकडे धरून आरपार गोल दिसतोय का बघायचं. तोंडात किडे जाऊ नयेत म्हणून फडक्याचा बोळा घालून ठेवायची पद्धत आहे ना, ती बंद करा. बोळा ओल धरतो, तोंडाशीच गंज येतो, आणि एखाद्या दिवशी घाईत काढायचा राहिला तर काय होईल ते सांगायला नको. कुंभारमाशी मात्र नळीत खरंच घर करते, म्हणून उजेडाकडे धरून बघणं कधी चुकवू नका.

आमची ठासणीची आहे. तिलाही हेच तेल?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त बंदुका वाया जातात.

काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळाली की निम्म्याहून जास्त राख-क्षारांच्या रूपात मागे उरते, म्हणून तर एवढा पांढरा धूर. हे क्षार मिठासारखेच पाणी ओढतात आणि ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्यावर खनिज तेल मारलं की डांबरासारखा गोळा होतो, वरून काळं चकाकतं आणि खाली नळी खात बसते. लोक बंदुकीला पाणी लावायला घाबरतात, पण ठासणीच्या नळीला पाणी हेच औषध आहे.

नळी दस्त्यापासून निघत असेल तर काढायची, निप्पल बरोबर मापाच्या पान्याने सोडवायचं, गरम पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून नळीचं मागचं टोक बादलीत बुडवायचं आणि गजाला चिंधी गुंडाळून वरखाली पिचकारीसारखं करायचं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, गंधकाचा. पाणी बदलत राहायचं, स्वच्छ आलं की शेवटचं पाणी कढत घालायचं, हाताला फडकं गुंडाळून. कढत पाण्याने नळी इतकी तापते की पाणी आपोआप सुकतं. सुकल्या सुकल्या, नळी कोमट असतानाच तेल फिरवायचं. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी घालून बघायची, तांबूस निघाली तर कुठेतरी ओल राहिली होती, परत तेल.

बार भरताना चिंधीला लावायला मात्र खनिज तेलापेक्षा मधमाशांचं मेण आणि खोबरेल किंवा चरबी असं मिश्रण चांगलं, त्याने काजळी मऊ राहते आणि पुढचा बार ठासताना गज अडकत नाही. १८५७ च्या एनफिल्डच्या काडतुसांवरची चरबी आपण शाळेत शिकलो ती ह्याच कामासाठी होती, गोळी नळीत सरकावी आणि काजळी घट्ट होऊ नये म्हणून. पण हे मिश्रण वापरण्यापुरतं, पावसाळाभर नळीत ठेवायला नाही.

भरण्याआधी निप्पलचं भोक कोरडं आहे ना ते बघा. तिथे तेल राहिलं तर टोपी फुटते पण बार उशिरा होतो किंवा होतच नाही. अशा वेळी नळी सुरक्षित बाजूला धरून पूर्ण एक मिनिट थांबायचं, लगेच डोकावायचं नाही.

भाच्याने एअर रायफल घेतलीय. तिला गन ऑइल सोडू का?

थांबा, सोडू नका. ०.१७७ इंच बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर गनला परवाना लागत नाही म्हणून ती सहज घरात येते, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला दहा मीटरमध्ये जगज्जेता झाला, २०२४ ला पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटरला ब्राँझ आणलं, त्यानंतर पोरांना फारच हौस आलीय, चांगली गोष्ट आहे. पण ही बंदूक दारूवर नाही, दाबलेल्या हवेवर चालते.

स्प्रिंगवाल्या रायफलीत पिस्टन हवा एवढ्या झटक्यात दाबतो की ती भयंकर तापते. तिथे साधं खनिज तेल गेलं की ते डिझेल इंजिनासारखं पेटतं, मोठा आवाज, नळीतून धूर, आणि हवा अडवणाऱ्या सीलची आणि स्प्रिंगची वाट. पोरांना तो आवाज आवडतो आणि मुद्दाम तेल टाकतात, हे बंद करायला सांगा. सिंथेटिक सील असेल तर सिलिकॉनचं चेंबर ऑइल, तेही वर्षातून थेंबभर. जुन्या रायफलीत चामड्याचा वॉशर असतो, तो सुकला की हवा गळते, त्याला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल थोडं जास्त लागतं. उलट सिलिकॉन तेल स्प्रिंगला आणि सांध्यांना लावू नका, लोखंडावर लोखंड घासताना ते टिकत नाही, तिथे मॉलिब्डेनमचं ग्रीस.

सिलिंडरमध्ये हवा भरायची पीसीपी असेल तर आणखी कडक नियम. ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, फक्त सिलिकॉन ग्रीस, पंप आणि हवेच्या वाटेत खनिज तेलाचा थेंबही नको, एवढ्या दाबाच्या हवेत तो स्फोट करू शकतो.

नळीला फार साफसफाई लागत नाही. बाहेरचं लोखंड मात्र बारा बोअरसारखंच, प्रत्येक वेळी हाताळून झाल्यावर तेलाचं फडकं.

दस्त्याला काय लावायचं?

जवसाचं तेल, उकळलेलं. तळहातावर चार थेंब घेऊन हात गरम होईपर्यंत चोळायचं, रात्रभर सुकू द्यायचं, वर्षातून दोनदा. एक गंभीर सूचना: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

कव्हरमध्ये ठेवली तर सुरक्षित ना?

नाही! चामड्याचं किंवा कॅनव्हासचं कव्हर वाहून न्यायला. त्यात ठेवली की ओल आत अडकते, चामड्यात कमावतानाचे क्षार असतात तेही बाधतात. पूर्वी चुलीच्या वर माळ्याला अडकवायचे कारण तिथे कोरडं असायचं, ते बरोबर होतं, पण धुरातलं आम्ल आणि काजळी बसायची. आता लोखंडी कपाट, कुलूपबंद, भिंतीपासून वितभर पुढे, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत शेकायचे, खिडकी उघडी ठेवून, आणि तो तवा परत स्वयंपाकाला नाही. काहीजण कपाटात छोटा बल्ब लावतात, हवा कोमट राहते, तेही चांगलं, फक्त वायर नीट असू दे.

निवडणुकीत पोलीस स्टेशनला जमा करावी लागते, तेव्हा?

२०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही होत्या, त्या वर्षी बऱ्याच जणांच्या बंदुका दोनदा जमा झाल्या. तिथल्या खोलीत एकावर एक शंभर बंदुका असतात, तुमची कोण पुसणार? एकदा आमची परत आली तेव्हा नळीवर ओळीने टाचणीच्या डोक्याएवढे गंजाचे डाग होते, शेजारच्या बंदुकीचा ओला पट्टा तिच्यावर पडून राहिला होता. तेव्हापासून मी जमा करायच्या आदल्या दिवशी पूर्ण साफ करतो, बाहेरून नेहमीपेक्षा जाड थर लावतो, चक्क साधं व्हॅसलीन, ते ओघळत नाही, आणि नळीतही जाडसर तेल. पावती घेताना बंदुकीचा नंबर आणि अवस्था लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. परत आणली की त्याच संध्याकाळी सगळं पुसून काढायचं आणि नळीतलं तेल-व्हॅसलीन निघाल्याशिवाय बार काढायचा नाही.

गंज आलाच तर पॉलिश पेपरने घासू का?

पॉलिश पेपर नको. त्याने गंजाबरोबर निळं-काळं पाणीही जातं, आणि ते गेलेलं लोखंड आणखी लवकर गंजतं. तो काळा थर म्हणजे मुद्दाम चढवलेला लोखंडाचाच एक स्थिर गंज आहे, तो स्वतः फार राखत नाही पण तेल धरून ठेवतो. डागावर तेल टाकून तासभर मुरू द्या, मग सगळ्यात बारीक, चार शून्याची स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांची लोकर) तेलातच हलक्या हाताने फिरवा. नसेल तर तांब्याचा तुकडा, जुना तांब्याचा पैसा तेलात घासला तरी वरवरचा गंज निघतो आणि लोखंडाला चरा पडत नाही. नखाला खड्डा लागत असेल किंवा नळीच्या आतून खड्डे दिसत असतील तर घासणं थांबवा आणि बार न काढता दुरुस्तीवाल्याला दाखवा.

किती दिवसांनी करायचं?

मृगाच्या आधी एकदा पूर्ण सोडवून साफ आणि जाडसर तेल. मग गणपतीपर्यंत दर आठवड्याला फडकं आणि पंधरा दिवसांनी नळीत चिंधी, वापरली नसली तरी. दिवाळीनंतर जाड तेल काढून पातळ, कारण मोहोराच्या दिवसांत वापर सुरू होतो आणि पहाटे गार असतं. भिजली किंवा बार काढला तर त्याच दिवशी, त्याला वार-तिथी नाही.

काडतुसांना तेल लावायचं का?

कधीच नाही. कोरड्या डब्यात सिलिका जेल घालून वेगळ्या कुलुपात. पितळेवर हिरवट दिसलं, कागदी काडतूस फुगलं की ते चेंबरमध्ये घालू नका.

साफ करताना स्वतःची काय काळजी?

खिडकी उघडी, चूल आणि समई लांब, स्वयंपाकघरात अजिबात नाही. काजळीत शिसं असतं, म्हणून मध्येच तंबाखू मळायची नाही, चहा प्यायचा नाही, आणि झाल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. काळ्या चिंध्या पोरांच्या आणि कोंबड्यांच्या हाती लागणार नाहीत अशा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या.